भग्नावशेषांचे कल्पित देश: रोम, पुणे आणि जुन्नर

अठराव्या शतकातील इटालियन चित्रकलेत ज्या चित्रप्रकाराला ‘कॅप्रिचो’, म्हणजे लहर किंवा स्वैर कल्पना, असे नाव मिळाले, त्याचे मुख्य लक्षण असे की त्यातील इमारती बहुधा खऱ्या असत, परंतु त्या ज्या ठिकाणी दाखवलेल्या असत ते ठिकाण पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नसे. रोममधील कोलोसियम हे प्रेक्षागार, सम्राट ट्राजनचा कोरीव स्तंभ, मार्कस ऑरेलियसचा अश्वारूढ पुतळा आणि पँथिऑनचा घुमट ही शहराच्या वेगवेगळ्या भागांत उभी असलेली स्मारके चित्रकार एकाच मैदानात आणून ठेवी, त्यांच्यामध्ये पडके खांब आणि झुडपे पेरी, आणि पुढच्या बाजूला गुराखी, सैनिक किंवा प्रवचन देणारा एखादा साधू उभा करी. याच्या उलट, एखादे दृश्य जसे दिसते तसे नेमके उतरवणाऱ्या चित्राला ‘वेदुता’ म्हणत. हे दोन प्रकार परस्परविरोधी वाटले तरी ते हाताळणारे चित्रकार पुष्कळदा तेच असत, आणि पहिल्या प्रकाराची विश्वासार्हता दुसऱ्या प्रकारात कमावलेल्या कौशल्यावरच उभी होती.

या प्रकाराची मुळे सतराव्या शतकात, व्हिव्हिआनो कोदात्सी आणि जोव्हान्नी गिसोल्फी यांच्या चित्रांत आढळतात. पुढे बेल्लुनोचा मार्को रिच्ची (1676–1730) आणि पिआचेंझाचा जोव्हान्नी पाओलो पान्नीनी (1691–1765) यांनी त्याला जे रूप दिले, त्याचा रंगभूमीशी असलेला संबंध दुर्लक्षिण्यासारखा नाही. रिच्ची लंडनमध्ये गेला तो इटालियन संगीतिकांचे पडदे रंगवणारा नेपथ्यकार म्हणून, आणि पान्नीनीचे शिक्षण ज्या प्रदेशात झाले तेथे बिब्बिएना घराण्याने नेपथ्यातील यथार्थदर्शनाचे, म्हणजे सपाट पृष्ठावर खोलीचा आभास निर्माण करण्याच्या रेखापद्धतीचे, नवे तंत्र रूढ केले होते. जुन्या नेपथ्यात सर्व रेषा रंगमंचाच्या मध्यभागी एका बिंदूत मिळत. बिब्बिएनांनी इमारती कोनातून दाखवल्या, त्यामुळे पडद्यावरील महाल दोन्ही बाजूंना दृष्टीआड पसरत गेल्यासारखा वाटू लागला. पान्नीनी 1711 मध्ये रोमला आला तेव्हा हे तंत्र त्याच्या हाती होते. त्याच्या चित्रातील भग्न कमानी प्रेक्षकाकडे कोन करून उभ्या असतात, जवळची कमान चित्राच्या चौकटीत मावत नाही, आणि दूरचे स्तंभ धुरकट होत जातात, ही सारी नाटकाच्या पडद्याचीच युक्ती आहे. पुढे रोममधील फ्रेंच अकादमीत तो यथार्थदर्शन शिकवीत असे, आणि 1754 ते 1765 या काळात रोममध्ये राहिलेला फ्रेंच चित्रकार ह्यूबेर रोबेर त्याच्याच वाटेने गेला.

अशा चित्रांना गिऱ्हाईक कोण होते, हा प्रश्न कलेच्या इतिहासात जितका हवा तितका ठळकपणे विचारला जात नाही. उत्तर युरोपातील, विशेषतः इंग्लंडमधील, धनिक घराण्यांतील तरुण शिक्षण पुरे झाल्यावर इटलीची दीर्घ यात्रा करीत. लॅटिन ग्रंथांतून वाचलेले रोम डोळ्यांनी पाहावे आणि त्याची खूण घरी न्यावी, ही त्यामागची इच्छा असे. एका चित्रात सारी स्मारके मिळाली तर भिंतीवरची जागाही वाचे आणि विद्वत्ताही दिसे. पान्नीनीने 1757 मध्ये ‘प्राचीन रोम’ आणि ‘आधुनिक रोम’ अशी जोडचित्रे रंगवली, त्यांत तर लहर आणखी एक पायरी पुढे गेली: चित्रात एक भव्य दालन आहे, दालनाच्या भिंतींवर अनेक चौकटी आहेत, आणि प्रत्येक चौकटीत रोममधील एकेक स्मारकाचे चित्र आहे. सारे शहर संग्राह्य वस्तूंच्या यादीत बदलले गेल्याचे इतके प्रांजळ चित्रण दुसरे सापडणे कठीण. व्हेनिसमध्ये कानालेत्तोने (1697–1768) याच सुमारास इंग्रज वाणिज्यदूत जोसेफ स्मिथ याच्यासाठी अशी कल्पित दृश्ये रंगवली, आणि एका चित्रात तर ग्रँड कॅनॉलवर प्रत्यक्षात कधीच न बांधला गेलेला पल्लाडिओ या वास्तुशिल्पीचा पूल उभा केला. म्हणजे येथे भूतकाळाऐवजी न घडलेला वर्तमानकाळ चित्रात आला. जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी (1720–1778) याने ताम्रपटावरील कोरीवकामातून रोमची दृश्ये छापली आणि स्वस्तात दूरवर पोचवली. खरी स्मारके त्याने इतक्या खालच्या दृष्टिबिंदूतून आणि इतक्या बुटक्या माणसांच्या शेजारी दाखवली की त्याच्या ‘वेदुता’ही अर्ध्या ‘कॅप्रिचो’च ठरतात.

या चित्रांसाठी एक अट मात्र पुरी व्हावी लागे, आणि ती अट रोममध्येही सर्वत्र पुरी होत नव्हती. भग्नावशेष आपल्या जागेपासून सुटा व्हायला हवा, त्यावर कोणाचा चालू हक्क, पूजा किंवा वहिवाट राहिलेली नसावी, निदान चित्रकाराला तसे मानता यायला हवे. पँथिऑन सातव्या शतकापासून ख्रिस्ती मंदिर होते, पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी कोलोसियममध्ये क्रूसमार्गाची प्रार्थनास्थाने उभारली होती, आणि प्राचीन फोरमच्या जागेला त्या काळी लोक ‘गुरांचे मैदान’च म्हणत. चित्रकाराने गुरे ठेवली, कारण ती दृश्याला शोभा देत; प्रार्थना बहुधा वगळली. हा निवडीचा संस्कार पुढे इंग्रज चित्रकारांबरोबर हिंदुस्थानात आला, तेव्हा त्याची गाठ वेगळ्या प्रकारच्या अवशेषांशी पडली.

मराठी मुलखात युरोपीय पद्धतीचे अवशेष नव्हते असे नाही. चिमाजी अप्पांनी मे 1739 मध्ये वसई घेतली तेव्हा पान्नीनीच्या कीर्तीचा ऐन बहर होता, आणि त्या किल्ल्यातील पोर्तुगीजांची देवळे, म्हणजे फ्रान्सिस्कन, जेझुइट आणि डॉमिनिकन पंथांची मंदिरे, हळूहळू छपरे गमावून माडांच्या आणि वडाच्या मुळांच्या स्वाधीन झाली. जेझुइटांच्या मंदिराचे दर्शनी खांब रोमन परंपरेचे थेट वारस आहेत. इटालियन चित्रकाराला कल्पनेने जुळवावा लागणारा देखावा, म्हणजे समुद्र, दाट झाडी आणि तिच्यातून वर आलेली अभिजात कमान, येथे इतिहासाने आयता जुळवून ठेवला होता. तरीही वसईचे अवशेष विजयाची खूण म्हणून मराठी स्मरणात राहिले. सौंदर्याचा विषय म्हणून त्यांच्याकडे मराठी माणसाने पाहिले ते फार नंतर.

जुन्नर आणि आंबेगावच्या टापूत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. पूर्वेकडील लोणी–धामणीच्या उघड्या माळापासून पश्चिमेकडे घोड आणि कुकडी नद्यांच्या उगमांपर्यंत हा प्रदेश चढत जातो, आणि त्याच्या वरच्या टोकाला असलेला नाणेघाट हा सातवाहन काळात कल्याण आणि सोपारा या बंदरांना देशावरील बाजारांशी जोडणारा मार्ग होता. या व्यापाराच्या पैशावर जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी खोदली गेली, आणि एकाच नगराभोवती एवढी लेणी महाराष्ट्रात अन्यत्र नाहीत. लेण्याद्रीचे चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या पूजेसाठी खोदलेले कमानदार छताचे दालन, कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने दिल्याचे तेथील लेख सांगतो. तुळजा लेण्यांमध्ये बारा अष्टकोनी खांबांनी वेढलेले गोल चैत्यगृह आहे, आणि मानमोडीच्या भूतलिंग गटातील चैत्यगृहाचे कोरीव दर्शन पूर्ण झाले तरी आतले काम अर्धवट राहिलेले दिसते.

इटालियन चित्रांच्या संदर्भात यांतील तीन लेख विशेष लक्षणीय आहेत. शिवनेरीवर इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी आणि चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. मानमोडीवर चंद नावाच्या यवनाचे दान नोंदलेले आहे. ‘यवन’ हे नाव त्या काळी ग्रीक किंवा पश्चिम समुद्रापलीकडून आलेल्या लोकांना लावले जाई, आणि हे दाते स्वतः परदेशी होते की येथे स्थायिक झालेल्यांचे वंशज होते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु भूमध्य समुद्राभोवतीचे जग आणि सह्याद्री यांच्यातील देवघेव वादातीत आहे. कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती तिचा प्रसिद्ध पुरावा आहे. पान्नीनी ज्या रोमचे तुकडे हलवून कल्पित देश रचीत होता, त्या रोमच्या भरभराटीच्या काळातच त्याच्या बाजारांशी जोडलेल्या माणसांनी जुन्नरच्या खडकात पाण्याची टाकी खोदवली, आणि ती टाकी पाणी धरीत राहिली.

लेणे जागेवरून हलवता येत नाही. मंदिर किंवा कमान डोंगरापासून वेगळी कल्पिता येते, तिच्यामागे आकाश रंगवता येते. लेण्याला बाहेरची बाजू जवळजवळ नसतेच, आणि ते उचलायचे तर डोंगरही उचलावा लागतो. दुसरे असे की जुन्नरची लेणी ओस पडली तरी मोकळी राहिली नाहीत. लेण्याद्रीच्या एका विहारात, म्हणजे भिक्षूंच्या निवासलेण्यात, गिरिजात्मज गणपतीची स्थापना झाली आणि ते स्थान अष्टविनायकांत गणले गेले; तुळजा लेण्यांना नाव मिळाले ते तेथे वसलेल्या देवीवरून; मानमोडीच्या एका गटाला अंबा-अंबिका आणि दुसऱ्याला भीमाशंकर अशी नावे पडली. ज्या वास्तूत रोज दिवा लागतो तिला भग्नावशेष म्हणणे इतिहासकाराला सोयीचे असले तरी गावकऱ्याला मान्य होण्यासारखे नाही.

कल्पनाशक्तीचे काम येथे थांबले होते असे मात्र म्हणता येत नाही. ते वेगळ्या दिशेने चालले. महाराष्ट्रात जागोजागी लेण्यांना ‘पांडवलेणी’ म्हणतात, आणि वनवासातील पांडवांनी ती एका रात्रीत कोरली, कोंबडा आरवला म्हणून काम अर्धे राहिले, अशा कथा सांगतात. चुन्याविना बांधलेली यादवकालीन आणि त्याहूनही जुनी देवळे, मग ती कुकडीच्या उगमाजवळचे कुकडेश्वर असो की आणखी कोणते, सरसकट ‘हेमाडपंती’ ठरतात आणि देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या खात्यावर जमा होतात. इटालियन चित्रकार इमारती हलवून माणसे जागच्या जागी ठेवीत होता. मराठी लोककथेने इमारत जागच्या जागी ठेवून माणसे हलवली, इंद्रप्रस्थाचे पांडव सह्याद्रीत आणले. दोन्ही प्रकारांत कालक्रमाची सारखीच उपेक्षा आहे, आणि दोन्हींमागची गरजही एकच आहे: ज्याचे कर्ते विस्मरणात गेले अशा भव्य कामाला ओळखीच्या जगात जागा करून देणे. रूप तेवढे निराळे, कारण येथे गिऱ्हाईक प्रवासी नव्हता, तर डोंगराखाली राहणारा शेतकरी होता, आणि त्याला भिंतीवर टांगायला चित्र नको होते.

या दोन दृष्टी पुण्यात, पेशवे सवाई माधवरावांच्या अखेरच्या वर्षांत, समोरासमोर आल्या. 1786 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातील कायम वकील, म्हणून पुण्यास आलेला चार्ल्स मॅलेट याला राजकारणाबरोबर लेण्यांचाही नाद होता. 1791 मध्ये मुंबईस उतरलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स त्याच्या आश्रयाने पुण्यात आला आणि त्याने पेशवे, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची तैलचित्रे रंगवली. याच संबंधातून शनिवारवाड्यात एक चित्रशाळा सुरू झाली, आणि तिच्यातून ज्याचे नाव टिकले तो गंगाराम चिंतामण नवगिरे, म्हणजेच गंगाराम तांबट. आडनाव पाहता तांब्याची भांडी घडवणाऱ्या समाजाशी त्याचे नाते असावे, आणि त्याच्या रेषेतील ठाम कडा पाहिल्यावर हा अंदाज अधिकच पटतो. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा, आखाड्यातील पहिलवान, कार्ल्याचे चैत्यगृह आणि वेरूळची लेणी असे त्याचे विषय आहेत.

गंगारामची वेरूळची चित्रे इटालियन परंपरेसमोर ठेवून पाहण्यासारखी आहेत. त्याने युरोपीय यथार्थदर्शन आणि छायाप्रकाशाची पद्धत उचलली, परंतु वातावरण उचलले नाही: त्याच्या चित्रांत वादळी ढग नाहीत, चौकट जुळवण्यासाठी कडेला लावलेले झाड नाही, आणि अवशेषाची भव्यता फुगवण्यासाठी माणसे लहान केलेली नाहीत. खांब किती, मूर्ती कोणत्या कोनाड्यात, छताचा भार कोठे येतो, हे त्याला सांगायचे असते. मॅलेटला विद्वत्सभेपुढे मांडण्यासाठी पुरावा हवा होता, म्हणून असे झाले, असे म्हणता येईल. तरी ज्याने देवळात मूर्तीचे दर्शन घेतले आहे तो मूर्ती सोयीप्रमाणे सरकवायला धजत नाही, हेही कारण त्यामागे असू शकते. यातले कोणते कारण मोठे, याचा निवाडा करण्याची गरज नाही.

ऑक्टोबर 1795 मध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू झाला आणि नोव्हेंबरात वेल्सही वारला. त्याच्या मागे राहिलेली रेखाटने विलायतेस इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियल याच्या हाती गेली. डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम 1786 ते 1793 अशी सात वर्षे हिंदुस्थानात फिरले होते, आणि मुंबईला त्यांची वेल्सशी भेट झाली होती. वेल्सच्या रेखाटनांवरून डॅनियलने 1803 मध्ये वेरूळच्या लेण्यांच्या चोवीस दृश्यांचा संग्रह ॲक्वाटिंटमध्ये छापला. ॲक्वाटिंट म्हणजे ताम्रपटावर राळेची भुकटी बसवून आम्लाने कोरण्याची पद्धत, जिच्यामुळे छापात जलरंगासारख्या सावल्या उतरतात. संग्रहाच्या नावात वेल्स आणि डॅनियल आहेत. वेल्सबरोबर काम केलेल्या गंगारामचे नाव तेथे नाही.

डॅनियलची दुसरी दोन चित्रे या इतिहासाला अधिक जवळची आहेत. 1799 मध्ये लंडनमधील धनिक संग्राहक थॉमस होप याच्यासाठी त्याने हिंदू आणि मुसलमानी वास्तूंची एक रचना रंगवली, जिच्यात निरनिराळ्या ठिकाणच्या इमारती एकाच कल्पित भूमीवर आणल्या आहेत; होपच्या घरातील पान्नीनीच्या रोमन अवशेषांच्या चित्राला जोड म्हणून ते हवे होते. ‘कॅप्रिचो’ची रीत अशा प्रकारे उघडपणे हिंदुस्थानला लावली गेली, आणि तिच्यात जी अट पुरी करायची ती लंडनमध्ये सहज पुरी झाली, कारण तेथे त्या देवळांचा पुजारी आक्षेप घ्यायला येणार नव्हता. दुसरे चित्र 1805 चे: 1790 मध्ये टिपूविरुद्धचा तह करताना पेशव्यांच्या दरबारात बसलेला मॅलेट. वेल्स त्या प्रसंगानंतर एक वर्षाने हिंदुस्थानात आला, डॅनियल तेव्हा उत्तरेकडे होता, आणि चित्र रंगले ते लंडनमध्ये. पुण्याच्या दरबाराचे जे दृश्य पुढे शालेय पुस्तकांपर्यंत इतिहासाचे चित्र म्हणून पोचले, ते न पाहिलेल्या प्रसंगाची, जमवलेल्या रेखाटनांतून केलेली जुळणी आहे. मुद्रा आणि पोशाख वेल्सने प्रत्यक्ष टिपलेले असल्यामुळे त्याला खोटे म्हणता येत नाही. पान्नीनीचे स्तंभही खोटे नव्हते.

मराठी समाजाने या चित्रप्रकाराला स्वतःचा म्हणून आश्रय दिला तो आणखी शंभर वर्षांनी, आणि तोही चित्रदालनात नव्हे तर नाटकगृहात. मुंबईच्या पारशी नाटक कंपन्यांनी रंगीत पडद्यांचा थाट लोकप्रिय केल्यावर संगीत नाटकाच्या मंडळ्यांनीही तो उचलला, आणि दरबाराचा पडदा, रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा, देवळाचा पडदा असे संच कंपनीच्या सामानात आवश्यक झाले. या पडद्यांवरील महालांना रोमन खांब, मोगली कमानी आणि मराठी वाड्याची महिरप एकत्र असत. शकुंतलेचा आश्रम असो की पेशव्यांची सदर, मागे पळत जाणारी खांबांची रांग बिब्बिएनांच्या वंशातलीच असे. रिच्ची आणि पान्नीनी यांनी पडद्यावरून चौकटीत नेलेली विद्या अशी पुन्हा पडद्यावर आली. तालुक्याच्या गावी छायाचित्रणाचे स्टुडिओ निघाले तेव्हा तेथेही मागे कठडा, स्तंभ आणि लांबचे तळे असलेले कापड टांगले गेले, आणि लेण्याद्रीच्या पायथ्याशी राहणारी कुटुंबे कधी न पाहिलेल्या इटलीच्या बागेत फोटोसाठी बसली.

पडदे रंगवणाऱ्यांत कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोघे विशेष गाजले; ‘पेंटर’ हीच त्यांची ओळख झाली. आनंदराव 1916 मध्ये वारले. बाबूराव चित्रपटाकडे वळले, 1920 मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला, आणि पुढील चित्रपटांत त्यांनी पाठीमागच्या रंगवलेल्या कापडाऐवजी मापाने उभारलेले, आत वावरता येईल असे भरीव सेट आणि सह्याद्रीतले खरे किल्ले वापरायला सुरुवात केली, कारण कॅमेरा बाजूला सरकला की रंगवलेली खोली सपाट दिसू लागते हे, आयुष्यभर ती खोली रंगवलेल्या माणसाइतके कोणाला ठाऊक असणार.